सोरोरिटी रश आणि मेंबरशिप, अमेरिका: ट्रान्स मुलींसाठी पैसे वसूल होतात का?

रेटिंग आधीच देऊन टाकते, खालपर्यंत कोण वाचतंय कोण नाही. रशला, म्हणजे सोरोरिटीत (कॉलेजातल्या मुलींच्या ग्रीक नावाच्या क्लबात) भरतीच्या त्या आठवड्याला, पाचपैकी दोन स्टार. बिड, म्हणजे मेंबर होण्याचं आमंत्रण, मिळून आत गेल्यानंतरच्या मेंबरशिपला चार. आणि हेडक्वार्टरच्या वेबसाइटवर "आमच्याकडे सगळ्यांचं स्वागत" छापाची जी गुलाबी पानं असतात त्यांना स्टारच नाही, ती जाहिरात आहे, जाहिरातीला कोण स्टार देतं.

हा रिव्ह्यू अमेरिकेत अंडरग्रॅडला येणाऱ्या किंवा इथेच वाढलेल्या ट्रान्स मुलींसाठी आहे, आणि हो, त्यांच्या आईबाबांसाठीही, कारण फी तेच भरतात. मी स्वतः ट्रान्स नाही. एका मोठ्या सरकारी युनिव्हर्सिटीत एका सोरोरिटीची मेंबर आहे (नाव लिहीत नाही, नॅशनलवाल्या, म्हणजे हेडक्वार्टरच्या, बायका गूगल करत बसलेल्या असतात) आणि मागच्या रशला मी रो गॅमा होते. रो गॅमा म्हणजे रशपुरतं आपल्या हाऊसपासून, म्हणजे आपल्या सोरोरिटीपासून, फारकत घ्यायची, आपण कुठल्या हाऊसच्या ते कुणाला कळू द्यायचं नाही, आणि नव्या मुलींचा एक ग्रुप सांभाळायचा, त्यांना रांगेत उभं करायचं, रडल्या की टिश्यू द्यायचे. माझ्या ग्रुपमध्ये एक ट्रान्स मुलगी होती. तिने हा मजकूर वाचलाय आणि तिच्या सांगण्यावरून दोन ओळी उडवल्यात, बाकी ओके म्हणाली.

ज्यांना सोरोरिटी हा प्रकारच माहीत नाही त्यांच्यासाठी: भिशी, हॉस्टेल आणि महिला मंडळ एकत्र करून त्यावर ग्रीक अक्षरं लावली की जे होईल ते. वर नॅशनल संस्था, खाली प्रत्येक कॉलेजात तिचं चॅप्टर, चॅप्टरचं बहुतेकदा स्वतःचं मोठं घर. मोठ्या, जुन्या २६ सोरोरिटींची एक छत्री संघटना आहे, नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स, १९०२ पासूनची, सगळे एनपीसी म्हणतात. तुम्ही टिकटॉकवर ज्या एकसारखे कपडे घालून दारात किंचाळणाऱ्या मुली बघता त्या बहुतेक याच २६ पैकी कुठल्यातरी असतात.

आता कागदावर काय आहे ते बघू. एनपीसीच्या नियमात रशमध्ये भाग घेण्यापुरती स्त्रीची व्याख्या दिलेली आहे, जी सातत्याने स्त्री म्हणून जगते आणि स्वतःला स्त्री मानते ती स्त्री. म्हणजे ट्रान्स मुलीला रशचं रजिस्ट्रेशन करायला दार उघडं. पण आत कुणाला घ्यायचं हे प्रत्येक संस्था आपापलं ठरवते, काहींनी स्वतःच्या नियमांत ट्रान्स मुलींचा स्पष्ट उल्लेख केलाय, काहींचं मोघम आहे. आणि खरी मेख पुढेच आहे, नॅशनलने कितीही छान लिहिलेलं असलं तरी मत देतात त्या चॅप्टरमधल्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुली, आपल्या घराच्या बंद हॉलमध्ये, आणि त्या मताचं कारण कुणालाही सांगायचं नसतं. नॅशनल फक्त "घेऊ शकता" म्हणते. "घ्या" म्हणत नाही.

हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळं कळतं.

माझ्या ग्रुपमधल्या मुलीचं काय झालं ते सांगते. फॉर्ममध्ये वापरातल्या नावाचा वेगळा रकाना असतो, तिने तो नीट भरलेला, पण बॅज ज्या यादीवरून छापले त्या यादीत रजिस्ट्रारकडचं नाव गेलं. पहिला दिवस, ऑगस्टचं ऊन, लॉनवर आडनावाच्या क्रमाने मुली उभ्या, प्रत्येकीच्या छातीवर बॅज, आणि हिच्या बॅजवर ठळक अक्षरात तिचं जुनं, मुलाचं नाव. तिने तो हाताने झाकून धरला होता आणि दुसऱ्या हाताने पंखा हलवत माझ्याशी अगदी नॉर्मल गप्पा मारत होती, "तुमच्याकडे इथे दरवर्षी एवढंच गरम असतं का" वगैरे. रो गॅमाच्या बॅगेत सेफ्टी पिना, बँडेड, डिओ, ग्रॅनोला बार असं सगळं कोंबलेलं असतं, त्यात मार्कर आणि स्टिकरपण होते, मी बॅजवर पट्टी चिकटवून तिचं नाव लिहिलं. पण त्याने काय होतंय? हाऊसमधल्या मुलींनी आदल्या रात्रीच यादीतले फोटो आणि नावं पाठ केलेली असतात, तिथे तेच केलं की तुम्ही छान तयारी केली असं समजतात, त्यामुळे दार उघडल्या उघडल्या आतली मुलगी प्रेमाने, हसत, जोरात तिला जुन्याच नावाने हाक मारते. तिचाही दोष नाही. पण मागच्यापुढच्या सगळ्या मुलींना एका सेकंदात जे कळायचं ते कळलं, आणि ते कुणाला कधी सांगायचं हा जो तिचा निर्णय होता तो एका एक्सेल शीटने घेऊन टाकला.

मी त्याच दुपारी पॅनहेलेनिक ऑफिसला (कॉलेजातल्या सोरोरिटींचा रश सांभाळणारं ऑफिस) मेल टाकला. यादी बदलली दुसऱ्या दिवशी. तोवर पहिली फेरी आटपली होती, आणि बहुतेक मोठ्या कॉलेजांत नामवंत हाऊसेस सगळ्यात जास्त काटछाट पहिल्या फेरीनंतरच करतात, कारण कुणी किती मुली परत बोलवायच्या याचं गणित असतं आणि ज्यांच्याकडे मागणी जास्त त्यांना आधीच जास्त नावं उडवावी लागतात. तिच्या यादीतली निम्म्याहून जास्त हाऊसेस दुसऱ्या सकाळी गायब.

आता ही हाऊसेस ती ट्रान्स आहे म्हणून गायब झाली की दहा मिनिटांच्या गप्पांत कुणाशी सूर जुळला नाही म्हणून? सांगता येत नाही. कुणालाच कधीच सांगता येत नाही, हेच तर मला या सर्व्हिसबद्दल सगळ्यात जास्त खटकतं. नकाराचं कारण न सांगणं हा नियम सगळ्यांना सारखा आहे, ज्या मुलीची आई त्याच हाऊसची होती तिलाही सांगत नाहीत, पण सारखा नियम सगळ्यांना सारखा लागत नाही ना. कारण नाही म्हणजे पुरावा नाही, पुरावा नाही म्हणजे तक्रार नाही. आपल्या रंगाच्या मुलींनाही हा अनुभव नवा नाही, मी रश केला तेव्हा माझ्या मावशीने "अगं पण का काढलं?" असं फोनवर तीनदा विचारलं होतं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. २०२२ मध्ये अलाबामात रश करणाऱ्या एका ट्रान्स विद्यार्थिनीचे टिकटॉक व्हिडिओ प्रचंड चालले, लाखो लोक तिच्या बाजूने, आणि शेवटी एकूण एक हाऊसने तिला काढलं. तिथेही अधिकृत कारण शून्य. एवढ्या कॅमेऱ्यांसमोर ही गत, तर साध्या मुलीचं काय.

म्हणून दोन स्टार. ते दोन कशाचे तर, एक म्हणजे रजिस्ट्रेशनला कुणी अडवलं नाही, आणि दुसरा आमच्या ऑफिसमधल्या त्या ताईंचा, ज्यांनी रविवारी रात्री घरून लॉगइन करून यादी दुरुस्त केली. तुमच्या कॉलेजात अशी ताई नसेल तर एकच समजा.

पुढची गोष्ट मात्र चांगली आहे. शेवटच्या फेरीला, प्रेफरन्सला, तिच्याकडे एक हाऊस उरलं होतं, मधल्या फळीतलं, टिकटॉकवर न दिसणारं. ही फेरी शांत असते, गाणी-बिणी नाहीत, एकच मुलगी तुमच्याशी अर्धा तास बसून बोलते. बाहेर आल्यावर ती म्हणाली की आतल्या मुलीने तिला थेट विचारलं, तुला काही विचारायचंय का, बाथरूमबद्दल, रूमबद्दल, काहीही. असं थेट बोलणारी माणसं मला आवडतात. तिने बाइंडिंग फॉर्मवर सही केली (ही सही नीट समजून करा, जे हाऊस लिहिलं तिथून बिड आलं आणि तुम्ही नाही म्हणालात तर पुढच्या मोठ्या रशपर्यंत त्या कॅम्पसवर एनपीसीच्या दुसऱ्या कुठल्याच हाऊसमध्ये जाता येत नाही) आणि बिड डेला ती त्यांच्या लॉनवर टीशर्ट घालून नाचत होती.

आता बाथरूम, कारण प्रत्येक काकू पहिलं तेच विचारते. बहुतेक हाऊसेसमध्ये मजल्यावर एक मोठं कॉमन बाथरूम असतं, दारांच्या आत टॉयलेट, पडद्यांच्या आत शॉवर. सेमिस्टर सुरू झाल्यावर एका मुलीच्या आईने हाऊसवर फोन केला. चॅप्टरची प्रेसिडेंट फार शहाणी निघाली, खालच्या मजल्यावर पाहुण्यांसाठी एक कडीवालं स्वतंत्र बाथरूम होतं, तिने मीटिंगमध्ये सांगितलं की ज्यांना अडचण वाटते त्यांनी ते वापरावं, किल्ली ऑफिसात आहे. ज्यांना अडचण वाटते त्यांनी! बऱ्याच ठिकाणी उलटं होतं, ट्रान्स मुलीलाच गुपचूप खालच्या बाथरूमची किल्ली देतात आणि त्याला सोय म्हणतात. किल्ली कुणी मागितली माहितीये? घोरणाऱ्या रूममेटला कंटाळलेल्या एका सीनियरने, सकाळी निवांत अंघोळ करता यावी म्हणून. त्या आईचा फोन परत आला नाही.

खरा त्रास बाथरूममध्ये झालाच नाही, तो झाला मिक्सरला. फ्रॅटर्निटीच्या, म्हणजे मुलांच्या अशाच क्लबच्या, पोरांबरोबर पार्टी असते ती. एका घरच्या पोरांनी घाणेरड्या कमेंट्स केल्या, तिच्या बिगने (आत गेल्यावर एक सीनियर तुमची मोठी बहीण होते, ती बिग) तिथेच सगळ्यांना गोळा केलं आणि अख्खा ग्रुप बाहेर पडला, नंतर सोशल कमिटीने त्या फ्रॅटचं नाव वर्षभराच्या यादीतून काढलं. चार स्टार मी याच्यासाठी देतेय. मेंबरशिपमध्ये जे विकत मिळतं असं सांगतात, म्हणजे अडीअडचणीला धावून येणाऱ्या पाच-पन्नास मुली, ते तिला खरंच मिळालं. पाचवा स्टार कापला कारण हे सगळं त्या प्रेसिडेंटवर आणि त्या बिगवर उभं आहे, प्रेसिडेंट दरवर्षी बदलते, आणि त्यातलं एक अक्षर कुठे लिहून ठेवलेलं नाही.

आता कोर्टाचा भाग. कोरडा आहे, पण फी भरण्याआधी माहीत हवा. २०२२ च्या शरद ऋतूत वायोमिंग युनिव्हर्सिटीच्या कप्पा कप्पा गॅमा चॅप्टरने एका ट्रान्स विद्यार्थिनीला मेंबर करून घेतलं. कप्पा म्हणजे १८७० ची, इलिनॉयमधल्या मॉनमथ कॉलेजात सुरू झालेली संस्था. मार्च २०२३ मध्ये त्याच चॅप्टरच्या काही मुलींनी स्वतःच्याच संस्थेवर केस टाकली, त्यात मतं गुप्त राहिली नाहीत हाही आक्षेप होता. ऑगस्ट २०२३ मध्ये न्यायाधीश अॅलन जॉन्सन यांनी ती फेटाळली, थोडक्यात म्हणणं असं की तुमच्या संस्थेच्या नियमांत स्त्रीची व्याख्याच नाही, खासगी संस्थेने तो शब्द व्यापक अर्थाने घेतला तर कोर्ट मध्ये पडून स्वतःची व्याख्या लादणार नाही. अपील २०२४ मध्ये तांत्रिक कारणावर परत आलं, २०२५ मध्ये नव्याने दाखल केलेली केसही त्याच कोर्टात फेटाळली गेली. दरम्यान कप्पाने विरोधात उभ्या राहिलेल्या दोन ज्येष्ठ माजी मेंबरना २०२३ मध्ये संस्थेतून काढलं, त्याही कोर्टात गेल्या.

खूप जणांनी हा निकाल "जिंकलो" म्हणून शेअर केला. मला तेवढा आनंद झाला नाही. निकालाचा आधार आहे खासगी संस्थेचं आपले मेंबर आपण निवडण्याचं स्वातंत्र्य, आणि हेच स्वातंत्र्य २००० साली सुप्रीम कोर्टाने बॉय स्काउट्सना दिलं होतं, एका गे स्काउट लीडरला काढून टाकता यावं म्हणून. म्हणजे कप्पा घेऊ शकते तसं शेजारचं हाऊस नाकारू शकतं, दोघींच्या हातात तेच हत्यार. तुमच्या मुलीला हा निकाल हक्क देत नाही, हाऊसला देतो.

त्यात टायटल नाइन. १९७२ चा कायदा, शिक्षणात लिंगावरून भेदभाव नको म्हणणारा, पण १९७४ मध्ये सोशल फ्रॅटर्निटी-सोरोरिटींना मेंबर निवडण्यापुरती त्यातून सूट मिळाली, म्हणून तर त्या फक्त मुलींच्या राहू शकतात. जून २०२५ मध्ये केंद्राच्या शिक्षण खात्याने वायोमिंग युनिव्हर्सिटीची चौकशी सुरू केली आणि भूमिका अशी घेतली की ट्रान्स मुली घेणारी सोरोरिटी ही सोरोरिटीच राहत नाही, त्यामुळे सूटही जाते. म्हणजे खात्याचा दबाव कॉलेजवर, कॉलेजचा चॅप्टरवर. अशा हवेत वेबसाइटवरचं गुलाबी पान कधी बदलेल कोण जाणे, रशच्या आधी ते परत एकदा उघडून बघा आणि स्क्रीनशॉट काढून ठेवा.

पैशाचं सांगते. कॉलेजागणिक प्रचंड फरक आहे. अलाबामासारख्या ठिकाणी घरात न राहणाऱ्या नव्या मेंबरलाही एका सेमिस्टरला चार हजार डॉलरच्या आसपास जातात, आमच्याकडे त्याच्या निम्म्याहून कमी, लहान कॉलेजांत काहीशेत भागतं. वर टीशर्ट, फोटो, बिग-लिटलच्या भेटवस्तू, हे आईबाबांना कुणी आधी सांगत नाही. शिवाय बऱ्याच हाऊसेसमध्ये एखादं वर्ष घरात राहण्याची सक्ती असते, तेव्हा ट्रान्स मुलीला रूम कशी देणार हे सही करायच्या आधी विचारा, नंतर विचारलं तर करार तुमच्या विरोधात असतो.

एनपीसीच्या बाहेरही पर्याय आहेत, त्यांचं पुरेसं बोललं जात नाही. गॅमा रो लॅम्डा ही २००३ मध्ये अॅरिझोना स्टेटला सुरू झालेली सोरोरिटी, क्वियर आणि ट्रान्स विद्यार्थ्यांना डोळ्यासमोर ठेवूनच काढलेली, नॉनबायनरी (स्वतःला ना मुलगा ना मुलगी मानणारे) मेंबरही चालतात. घर वगैरे भपका नाही, सगळीकडे चॅप्टरही नाहीत, पण दारात आपल्या असण्याचा खुलासा करत बसावं लागत नाही. देसी सोरोरिटीज आहेत, कप्पा फाय गॅमा आणि सिग्मा सिग्मा रो, दोन्ही १९९८ च्या, पहिली ऑस्टिनची, दुसरी न्यूयॉर्कच्या सेंट जॉन्सची. छोटा ग्रुप, सगळ्याजणी एकमेकींच्या आयांनाही ओळखतात. यात सुख आहे आणि धोकाही आहे, कारण जी मुलगी घरी अजून बोललेली नाही तिची बातमी गणपतीच्या जेवणावळीत तिच्या आधी पोचू शकते. तिथल्या मुलींशी प्रत्यक्ष बोलल्याशिवाय ठरवू नका.

ट्रान्स मुलांबद्दल दोन ओळी, कारण कमेंटमध्ये विचारतीलच. बॉस्टनच्या एमर्सन कॉलेजात फाय अल्फा टाउ नावाच्या फ्रॅटर्निटीने २०१३ मध्ये आपल्या एका ट्रान्स भावाच्या छातीच्या सर्जरीसाठी ऑनलाइन वर्गणी काढली होती, इन्शुरन्सने आधी नकार दिला म्हणून, आणि लागत होते त्याहून कितीतरी जास्त पैसे जमले. सगळ्या फ्रॅट सारख्या नसतात एवढंच. सोरोरिटीत आल्यानंतर ज्याला कळलं की आपण मुलगी नाही, त्याची मेंबरशिप राहते की जाते हे संस्थेनुसार बदलतं, नॅशनलला लेखी विचारा.

मग रश करावा का? माझं मत, करावा, पण डोळे उघडे ठेवून आणि मागे एखादा दुसरा ग्रुप तयार ठेवून, म्हणजे सगळं आयुष्य त्या आठवड्यावर टांगलेलं नको. चॅप्टरच्या मुलींना भेटलात की इंद्रधनुष्याचे स्टिकर मोजू नका, ते तर फुकट मिळतात. विचारा की तुमच्याकडे मत कसं घेतात, कुणावर आक्षेप घेतला तर त्याचं कारण निदान चॅप्टरच्या आत तरी द्यावं लागतं का, आणि घराची मालकी कुणाकडे आहे, कारण बऱ्याचदा घर माजी मेंबरांच्या कंपनीच्या नावावर असतं आणि रूमचा शेवटचा शब्द सत्तरीतल्या कुणातरी आज्जींचा असतो. मतदानाचा प्रश्न ऐकून मुली एकमेकींकडे बघायला लागल्या तर ते हाऊस सोडा. मतदान आतलं असतं, ते सगळं सांगणार नाहीत, पण कसं टाळतात त्यावरून बरंच कळतं.

आणि नावाचं काम सगळ्यात आधी. रजिस्ट्रारकडे वापरातलं नाव बदलायला बऱ्याच कॉलेजांत कोर्टाचा कागद लागत नाही, एक ऑनलाइन फॉर्म असतो, पण तो रशच्या सॉफ्टवेअरपर्यंत आपोआप पोचेल असं धरू नका. पॅनहेलेनिक ऑफिसला फोन करून विचारा की बॅज कुठल्या यादीवरून छापता आणि हाऊसेसना कुठली यादी देता, दोन्ही वेगळ्या असू शकतात. जमलं तर उत्तर मेलवर मागा. रजिस्ट्रेशन बहुतेक ठिकाणी उन्हाळ्यात सुरू होऊन रशच्या आधीच बंद होतं, आमच्याकडे ती फी परत मिळत नाही, तेव्हा हा फोन कार्डचा नंबर टाकायच्या आधी करा.